माळावरची शाळा आणि पोटाचा प्रश्न

‘‘काका, यात पोट भरतं का?’’

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका सकाळी, नान्नजच्या माळावर हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणारी मुलगी सोलापुरातल्याच एका महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील यंत्रमागावर, आई घरी टॉवेलच्या कडा शिवणारी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आजोळी कन्नड. गवत ओळखण्यात तिचा हात धरणारे मी फार कमी पाहिले आहेत. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते नुसत्या कणसावरून सांगायची. मुलांना घेऊन रानात फिरायचे, त्यांना माती, गवत, पक्षी, पाणी शिकवायचे, आणि हेच आयुष्यभर करायचे, असे तिने ठरवले होते. घरच्यांनी एक वर्षाची मुदत दिली होती. त्यानंतर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, असा करार.

मी त्या वेळी तिला जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. ‘‘आवड असली की मार्ग निघतो,’’ असे काहीतरी. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. मी स्वतः या क्षेत्रातला पदवीधर नाही. बी.कॉम. झालो, चादरीच्या कारखान्यात जमाखर्च लिहिण्यात उमेद गेली. पक्षी, गवते आणि सोलापूरच्या माळांचा इतिहास हे सगळे रविवारी आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून शिकलो. म्हणजे माझे पोट कारखान्याने भरले आणि माळाने फक्त मन. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हतेच. ते शोधण्यासाठी नंतरची दोन वर्षे मी जुनी चरित्रे, अहवाल, न्यायालयाचे आदेश, अभ्यासक्रम वाचत गेलो. त्या शोधाचा हा लेखाजोखा. आणि त्यात शेवटी माझ्याच खात्यावर एक देणे निघाले, तेही सांगायचे आहे.

पहिली पगारी जागा आणि तिचे काय झाले

निसर्ग दाखवून, समजावून सांगणे यासाठी पगार मिळण्याचे आपल्याकडचे एक जुने आणि चांगले नोंदलेले उदाहरण मुंबईतले आहे. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्गविज्ञान दालनात एक ‘मार्गदर्शक व्याख्याता’ नेमला गेला. पगार महिना ३५० रुपये, त्या काळी उत्तम. काम असे की शाळांच्या मुलांना आणि येणाऱ्या लोकांना दालनातले पक्षी-प्राणी समजावून द्यायचे. हा तरुण होता सालिम अली. त्यांच्याकडे रीतसर पदवी नव्हती. आवड आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा सहवास, एवढेच भांडवल.

पुढे ते रजा घेऊन पक्षिशास्त्राच्या शिक्षणासाठी बर्लिनला गेले. परत आले तेव्हा पैशाच्या अडचणीमुळे त्यांची जागाच रद्द झालेली होती. मग अलिबागजवळ किहीमला पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या घरात ते राहिले. दाराशीच सुगरणींची वसाहत होती. तिच्या निरीक्षणातून त्यांचा सुगरणीवरचा गाजलेला निबंध तयार झाला. आपण ही गोष्ट नेहमी ‘संकटातून संधी’ म्हणून सांगतो. मला मात्र जमाखर्च लिहिणाऱ्याच्या नजरेने तिच्यात दुसरेच दिसते. संस्थेला पैशाची चणचण भासली की सर्वांत आधी कात्री लागते ती दाखवणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाच्या जागेला. दालन राहते, पेंढा भरलेले पक्षी राहतात, त्यांच्याविषयी बोलणारा जातो. शंभर वर्षे होत आली, तरी या क्षेत्रात येणाऱ्याने पहिली लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे.

कुरणावर गेलेली शाळा

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी येथे ताराबाईंनी काम सुरू केले, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाईंनी बालवाडी त्यांच्या पाड्यातल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखायला जात. त्यांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शिक्षकच गुरांमागे कुरणावर गेले. ती कुरणशाळा.

आज परदेशातल्या ‘वनशाळां’चे आपल्याला मोठे कौतुक वाटते. वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे १९४१ मध्ये कुर्ट हान यांच्या पुढाकाराने ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा निघाली, ती मैदानी शिक्षणाच्या इतिहासात पायाभूत मानतात, आणि ते रास्तच आहे. पण कोसबाडची कुरणशाळा त्यानंतर फार उशिराची नाही, आणि तिचा विचार काही बाबतींत अधिक खोल होता. हान यांच्या शाळेत मुले घर सोडून निसर्गाकडे जात. कुरणशाळेत शिक्षक शाळा सोडून मुलांच्या निसर्गाकडे गेले. गवत, गुरे, ओढा, बिया हेच शिकवण्याचे साहित्य, कारण मुलांचे रोजचे जगणे तेच होते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. एका मराठी शिक्षिकेच्या कल्पनेतून देशात लाखो कामे निर्माण झाली, ही साधी गोष्ट नव्हे. पण अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्याला आजही ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. हा शब्द नीट ऐकावा. त्यात मान आहे आणि धनही आहे, पण एकाच्या नावाखाली दुसरे कमी देण्याची सोयही आहे. पर्यावरण शिकवू पाहणाऱ्या तरुणांना हाच शब्द पदोपदी भेटतो.

सोलापूरचा मुलगा आणि खात्याची नोकरी

तिसरा मार्ग आमच्या गावच्या माणसाने दाखवला. मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मले. येथेच शिकले, आणि नंतर कोइमतूरच्या वन महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन वनखात्यात गेले. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट असा प्रवास करून १९९० मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून निवृत्त झाले. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

चितमपल्लींना आपण लेखक म्हणून ओळखतो, पण माझ्या मते ते महाराष्ट्रातले सर्वांत मोठे निसर्गशिक्षक होते. ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. ज्या गोष्टीला शब्द नाही ती गोष्ट मुलाला दाखवता येत नाही. हे शिक्षण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले, हे खरे. पण त्या हिमतीखाली खात्याच्या नोकरीचा पक्का ओटा होता. जंगलात राहण्याची मुभा आणि दरमहाचा पगार त्यांना एकाच ठिकाणाहून मिळाला. आजही राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून वनक्षेत्रपाल होणे किंवा वनरक्षक भरतीत उतरणे हा मार्ग खुला आहे. मात्र तिथे शिकवणे हे कामाचा एक लहान भाग असते. गस्त, रोपवाटिका, गुन्हे, कागद यांतून उरलेल्या वेळचे.

विषय आला, माणूस आला नाही

आता मुख्य गाठीपाशी येतो. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे पर्यावरण शिक्षणाची जागतिक परिषद झाली. १९८४ मध्ये अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले. पण आपल्या वर्गखोल्यांपर्यंत हा विषय खऱ्या अर्थाने आणला तो सर्वोच्च न्यायालयाने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करावा. अंमलबजावणी रेंगाळली. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने पुन्हा आदेश देऊन शालेय अभ्यासक्रम लागू करायला लावला. याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले.

हा अभ्यासक्रम मी बारकाईने वाचला. एकूण ५० तासिका, आठ घटक. आठवा घटक क्षेत्रभेटीचा, त्याला तासिका ५. गुण मात्र १०० पैकी २५. म्हणजे अभ्यासक्रम करणाऱ्यांना बाहेर जाण्याचे मोल नक्की ठाऊक होते. एक दशांश वेळेला त्यांनी एक चतुर्थांश गुण दिले होते. पण त्या पाच तासिका घेणार कोण? त्यासाठी स्वतंत्र शिक्षकाची जागा सक्तीने निर्माण झाली नाही. न्यायालयाने विषय सक्तीचा केला, शिक्षक नव्हे. मग ज्याचा तास रिकामा त्याच्याकडे पर्यावरण, अशी सर्वत्र पद्धत पडली. विद्यार्थ्यांनी दुकानातून तयार प्रकल्पवही आणावी, वाघाचे चित्र चिकटवावे, पंचवीसपैकी बावीस घ्यावेत. शाळांत तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. पुस्तके चांगली आहेत. पण परिसरात नेणारा माणूस वेळापत्रकात नाही.

म्हणून माझ्या मैत्रिणीच्या मुलीसारख्या या विद्यार्थिनीने ‘पर्यावरण शिक्षक पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसू नये, असे मी तिला सांगितले. ती जागा सहसा त्या नावाने निघत नाही. विषय शाळेत आहे, गरज शाळेत आहे, पैसाही थोडाफार आहे. पण तो ‘सहल’, ‘शिबिर’, ‘सहशालेय उपक्रम’, ‘प्रकल्प’ अशा वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत विखुरलेला आहे. तो गोळा करणे हेच या व्यवसायाचे अर्धे कौशल्य.

एका सकाळचा जमाखर्च

मी हिशेबनीस. तिला मी कागदावर मांडून दाखवले. समजा, एका शाळेने चाळीस मुले दिली आणि प्रत्येकी १५० रुपये ठरले. जमा ६,००० रुपये. आता नावे बाजू. बस २,८००. सोबत दुसरे मोठे माणूस हवेच, त्याचे ८००. नाश्ता माणशी २० रुपयांप्रमाणे ८००. प्रथमोपचार आणि विम्याचे धरून ३००. आदल्या दिवशी जागा पाहून येण्याचे पेट्रोल २००. एकूण ४,९००. शिल्लक ११००.

ही अकराशे रुपये एका सकाळची कमाई वाटते. तशी ती नाही. एक दिवस जागा पाहण्यात आणि तयारीत, एक दिवस प्रत्यक्ष, एक दिवस मुलांच्या नोंदी तपासून शाळेला लिहून देण्यात. तीन दिवसांचे अकराशे, म्हणजे दिवसाला पावणेचारशेच्या आत. शिवाय आमच्या सोलापूरचे ऊन. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पुढे. मार्चपासून मुलांना सकाळी साडेनऊनंतर माळावर ठेवू नये. परीक्षा, सुट्ट्या आणि ऊन वजा केले तर चालू वर्षात अशा सकाळी मोजक्याच उरतात.

हिशेब पुन्हा पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. जवळजवळ निम्मे पैसे बस खाते. बस काढून टाकली तर? शाळेच्या भिंतीलगतचा मोकळा प्लॉट, मागचा नाला, आवारातला कडुलिंब, कंबर तलावाचा काठ. जिथे मुले पायी जातील तिथे दर पंधरा दिवसांनी जायचे, वर्षभराचा करार करायचा, आणि वर्षातून एकदाच नान्नज. यात कमी पैशात जास्त शिक्षण होते, कारण तेच झाड मुले जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारीत पाहतात. एकदा पाहिलेला पक्षी करमणूक असतो. वर्षभर पाहिलेले झाड अभ्यास होतो. ताराबाईंनी शाळा कुरणावर नेली ती काही पैसे वाचवण्यासाठी नव्हे, पण त्यांच्या त्या विचारात आजच्या हिशेबाचेही उत्तर आहे.

काय शिकावे, कुठे शिकावे

पदवीनंतर या कामाची तयारी साधारण चार अंगांनी करावी लागते, असे माझ्या वाचनातून आणि पाहण्यातून दिसले.

पहिले, विषय. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून आहे. तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निसर्गशिक्षणाचे उपक्रम आणि अभ्यासक्रम चालवते. गोरेगावला तिचे केंद्र आहे. अहमदाबादचे केंद्र आहेच. पर्यावरण मंत्रालयाने २०१७ पासून हरित कौशल्य विकास कार्यक्रमातून अल्प मुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले. आणि ज्याला घर सोडणे जमत नाही, त्याने पक्षिनोंदींच्या ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या मंचावर रोज नोंद करावी. तीन वर्षांच्या नियमित नोंदी हे कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच बोलके असते.

दुसरे, मैदान. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ ची. तिथला साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला की केवळ डोंगर चढता येत नाही, तर माणसांचा गट कसा हलवायचा, थकलेला कसा ओळखायचा, परत कधी फिरायचे, हे अंगी येते. सपाट सोलापूरला याचा काय उपयोग, असे कुणी विचारेल. गट सांभाळणे माळावरही तेवढेच लागते.

तिसरे, सुरक्षा. यावर मी सर्वांत जास्त भर देतो. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. अशा प्रत्येक घटनेनंतर शाळा काही काळ दारे लावून घेतात, आणि त्यात त्यांचे चूक नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आल्या. पण कायद्याच्या आधी आपली शिस्त हवी. प्रथमोपचाराचे रीतसर प्रशिक्षण, जवळचे सर्पदंशावर लस देणारे रुग्णालय कोणते याची आधी केलेली चौकशी, नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची ओळख, पाण्याच्या बाटल्यांची मोजणी, आणि दर अर्ध्या तासाने मुलांची मोजणी. सहल रद्द करण्याचे धैर्य हीदेखील या व्यवसायातली एक पात्रताच आहे.

चौथे, शिकवणे. ज्याला शाळेत स्थिर व्हायचे आहे त्याने बी.एड. करावे. विज्ञानशिक्षकाच्या जागेवर राहून आठवड्यातून दोन तास मुलांना बाहेर नेणारा माणूस हा मला आजच्या घडीला सर्वांत टिकाऊ नमुना वाटतो. ज्याला स्वतंत्र राहायचे आहे त्याने तीन-चार पायांवर उभे राहावे: शाळांचे वार्षिक करार, सुट्टीतली शिबिरे, संशोधन संस्थांसाठी हंगामी सर्वेक्षण, आणि लेखन किंवा शिक्षकांचे प्रशिक्षण. एक पाय लंगडला तरी बाकीचे तोलतात.

माळढोकाने शिकवलेले

हे सगळे झाले तरी एक प्रश्न उरतो. हे काम नसले तर बिघडते काय? त्याचे उत्तर आमच्या नान्नजमध्येच आहे.

१९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरातल्या माळढोकांकडे सर्वांचे लक्ष वेधले. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, सहसा एकच अंडे घालणारा हा पक्षी. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. शेती, गावे, वाड्या, सगळे. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. शेतकऱ्याला पक्षी दिसण्याआधी नोटीस दिसली. ‘माळढोक’ हा शब्द आमच्या गावागावांत कितीतरी वर्षे शिवीसारखा उच्चारला जात असे, तो मी कानांनी ऐकला आहे. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केले गेले, पण तोवर नाते बिघडले होते. मी १९८८ मध्ये इथे पहिला माळढोक पाहिला. आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. संपूर्ण देशात दीडशेहून कमी उरले असावेत, असे अभ्यासक मानतात.

पक्षी केवळ शिक्षणाअभावी गेला, असे मी म्हणणार नाही. माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. पण माळाला ‘पडीक’ म्हणणारी महसुली नजर कुणी बदलली नाही, हे खरे. गवताळ प्रदेश म्हणजे उजाड जमीन नव्हे. तिथे काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल नांदतात, आणि धनगराची मेंढरेही. तिथे खड्डे काढून झाडे लावणे म्हणजे पर्यावरणसेवा, असे आजही शाळाशाळांत शिकवले जाते. माळावर झाडे लावून माळ मारता येतो, हे मुलाला कोण सांगणार? पुस्तक सांगत नाही. तिथे उभे राहून दाखवणारा माणूस लागतो. अभयारण्याच्या आराखड्यात पहारेकरी होते, तारेचे कुंपण होते. प्रत्येक गावाच्या पारावर बसून दहा वर्षे बोलणारा माणूस नव्हता. त्या माणसाचा पगार वाचवला, त्याची किंमत अशी मोजली गेली.

त्या मुलीने एकदा महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना माळढोकाचे चित्र दाखवले आणि घरी आजी-आजोबांना नाव विचारून या, असे सांगितले. कन्नड घरातून ‘एरेभूत’ आले, म्हणजे काळ्या मातीतले भूत. तेलुगू घरातून ‘बट्टमेक’ आले. तीन भाषांच्या या शहरात एका पक्ष्याची तीन नावे फळ्यावर लिहिली गेली. पक्षी न दाखवता तिने तो मुलांच्या घरात नेऊन सोडला. हे मला वीस वर्षांत सुचले नव्हते.

माझे देणे

आता ते देणे. १९९९ पासून मी रविवारी शाळांच्या मुलांना माळावर नेत आलो. एक पैसा घेतला नाही. त्याचा मला अभिमान होता. सत्काराच्या शाली घरात आहेत. या मुलीने गेल्या वर्षी शहरातल्या एका शाळेपुढे वार्षिक कराराचा प्रस्ताव ठेवला. वर सांगितला तसा नीट हिशेब, सुरक्षेची यादी, बारा भेटींचा आराखडा. मुख्याध्यापकांनी कौतुक केले आणि म्हणाले, ‘‘पण ते काका तर फुकट येतात.’’

तिने मला हे तक्रार म्हणून सांगितले नाही. चहा पिता पिता, हसत सांगितले. मला तो चहा गिळवेना. माझा पगार कारखाना देत होता म्हणून मी फुकट देऊ शकलो. माझ्या दानाने या कामाचा बाजारभाव शून्य ठरवला, आणि ज्यांच्याकडे दुसरा कारखाना नाही त्यांच्यासाठी दार लावले. आपल्याकडे निसर्गशिक्षण हा सुखवस्तू, निवृत्त किंवा पगारदार माणसांचा छंद राहिला. मागवाल्याची मुलगी त्यात येऊ शकली नाही, याचे एक कारण माझ्यासारखी भली माणसे आहेत. सेवा चांगलीच, पण सेवेने एखाद्याचा रोजगार मारू नये, एवढे भान तिला हवे.

त्या दिवसापासून मी शाळांना फुकट जाणे थांबवले आहे. बोलावणे आले की दर सांगतो, तिच्या दराइतकाच. शाळेला तो परवडत नसेल तर मी पालकसभेत बोलून वर्गणी उभी करून देतो, पण काम तिलाच मिळावे असे पाहतो. काही शाळांनी मला बोलावणे सोडले. दोन शाळांनी तिच्याशी करार केला. वर्षाची मुदत संपल्यावर तिच्या वडिलांनी तिची वही मागून घेतली, जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहिल्या, आणि आणखी एक वर्ष दिले. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्जही तिने भरला आहे. बँकेचा फॉर्म अजून कपाटात आहे.

पोट भरते का, या प्रश्नाचे उत्तर आज मी असे देईन: भरते, पण अजून काठोकाठ नाही. आणि ते भरावे की नाही, हे तिच्या आवडीइतकेच आपण त्या सकाळचे मोल देतो की नाही, यावरही अवलंबून आहे. या दिवाळीनंतर, थंडी पडली की, तिची चाळीस मुले नान्नजला येणार आहेत. मीही जाणार आहे. दीडशे रुपये भरून, एक्केचाळिसावा.